भिंतीच्या आतला दगड

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. जवळपास आठ हजार माणसे दगावली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंती आणि माळवद यांच्याखाली गेली. त्या भिंती कमी जाडीच्या नव्हत्या. दोन-अडीच फुटांपासून पुढे त्यांची जाडी होती आणि घरधन्याला तीच भक्कमपणाची खूण वाटत असे. पण अशी भिंत बहुधा एकसंध नसते. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये गोटे, कपऱ्या आणि चिखल यांची भर, अशी तिची रचना असते. दोन्ही थरांना एकत्र धरायचे तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. असा दगड शोधावा लागतो, घडवावा लागतो, दोन माणसांनी उचलून बसवावा लागतो. तो नसला की हादऱ्यासरशी दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि माळवदाची मणामणांची माती खाली येते. भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनी नव्या घरांसाठी आरपार दगडाचा आग्रह धरला. उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींना भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरून तेच काम करून घ्यायला सांगितले. म्हणजे जे ज्ञान शेकडो वर्षांपासून गवंड्यांपाशी होते, ज्याच्या जोरावर त्याच मुलखात नळदुर्ग, औसा आणि परांडा इथली घडीव दगडी बांधकामे उभी राहिली, ते गावातल्या साध्या घरापर्यंत पोचलेच नव्हते, किंवा पोचूनही वाटेत गळून गेले होते.

आरपार दगड भिंत पुरी झाल्यावर ओळखू येत नाही. गिलावा झाला की तो आहे की नाही हे भिंत पडेपर्यंत कोणालाही कळत नाही. दगडकाम ब्रासवर मोजले जाते आणि शंभर घनफुटांच्या त्या मापात आरपार दगडाला वेगळा भाव नाही. तो घालणाऱ्याचा वेळ जातो आणि न घालणाऱ्याचा ब्रास लवकर भरतो. कारागिरीचा दर्जा घसरला अशी तक्रार आपल्याकडे सर्रास होते आणि तिचे खापर बहुतेक वेळा कारागिराच्या आळसावर, लोभावर किंवा ‘आजकालच्या पोरां’वर फुटते. माझे म्हणणे वेगळे आहे. बांधकामाच्या धंद्यात घसरण झाली ती मुख्यतः न दिसणाऱ्या कामात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपण कामाचा मोबदला दिसणाऱ्या मापावर बांधला आणि न दिसणारे काम शिकवण्याचा खर्च हळूहळू सगळ्यांनीच आपल्या अंगावरून झटकून टाकला, म्हणून ती झाली.

जुन्या व्यवस्थेत हा खर्च कोण सोसत होता, ते आधी पाहू. मराठा काळात मोठी बांधकामे दोन तऱ्हांनी होत. एक अमानी, म्हणजे मालकाने किंवा सरकारने आपल्या कारकुनाच्या देखरेखीखाली रोजंदारीवर करवून घेतलेली. दुसरी मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेत. अमानीच्या कामावर पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार, बिगारी सगळे रोजावर असत. काम लांबले की खर्च वाढे, हा तिचा दोष उघड आहे. पण त्याच लांबलेल्या काळात पोरगे बिगाऱ्याचे मिस्त्री होत असे. चुन्याच्या कामाला तर घाई मानवतच नसे. लोणारी भट्टीत चुनखडी भाजत. भाजलेली कळी पाण्यात विरवून मुरत ठेवायची. मग वाळू किंवा विटांची भुकटी घालून ती बैलाच्या घाणीत, गोल चरात फिरणाऱ्या दगडी चाकाखाली, लोण्यासारखी होईपर्यंत मळायची. कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे उडदाचे पाणी घालण्याची रीत होती. गिलाव्यावर शेवटचा हात फिरवायचा तो गुळगुळीत दगडाने घोटून. चुना झाला की नाही, हे तो बोटांत चोळून आणि थापीवरून सोडून पाहून ठरे. ही पारख पुस्तकात उतरत नाही. ती अंगात मुरायला तीन-चार पावसाळे जावे लागतात. शिवाय चुना सावकाश धरतो, हा नवशिक्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण होता. ओळंब्यात न बसलेला थर दुसऱ्या दिवशी उतरवता येई आणि विटा झाडून पुन्हा वापरता येत. चूक स्वस्तात दुरुस्त होत असल्यामुळे उस्तादही पोराच्या हातात थापी देत असे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही व्यवस्था जातीने बांधलेली होती. पाथरवट, बेलदार, लोणारी, वडार यांची कामे जन्माने ठरत. दुसऱ्याला ती शिकता येत नसत आणि ज्याला ती करायची नव्हती त्याला सुटका नव्हती. ज्या वडारांनी दगड फोडून आणि माती उचलून राज्यांचे किल्ले आणि सरकारांचे रस्ते उभे केले, तो समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याच्या कौशल्याला मिळालेली सामाजिक किंमत त्यावरून कळते. रायगडाच्या जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे, पण तो बांधकामावरचा अधिकारी होता. दगड घडवणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. त्या व्यवस्थेकडे परत जावे असे मी म्हणत नाही, आणि जाता येतही नाही. ती मोडायलाच हवी होती. माझा प्रश्न एवढाच आहे की ती मोडताना तिच्या पोटात असलेली शिकण्याची मुदत कोणी उचलली? उत्तर असे की कोणीच नाही.

दुसरी व्यवस्था इंग्रजांच्या सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर आली. 1850च्या दशकात डलहौसीच्या कारकिर्दीत हे खाते उभे राहिले आणि त्याच्या बरोबरीने 1854 साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तोच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाला. त्याचा हेतू स्पष्ट होता. खात्याला हाताखालचे अधिकारी आणि ओव्हरसियर हवे होते, नकाशा वाचणारे, अंदाजपत्रक करणारे आणि मोजमाप पुस्तिका भरणारे. थोड्याच वर्षांनी मुंबईत जे. जे. कला शाळेत लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कार्यशाळा निघाल्या. क्रॉफर्ड मार्केटचे शिल्पपट्ट आणि 1888 साली पुरे झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे नक्षीकाम यांत त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. 1887 सालचे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले ते गिरण्यांना लागणारी तांत्रिक माणसे तयार करण्यासाठी. मोजणाऱ्यासाठी शाळा झाली, दर्शनी दगडावर नक्षी कोरणाऱ्यासाठी झाली, यंत्र चालवणाऱ्यासाठी झाली. पायात दगड बसवणारा मात्र तसाच राहिला. तो तेलंगणातून आलेला कामाठी असो, वडार असो की देशावरचा गवंडी असो, त्याने आपले शिक्षण आपले पाहून घ्यावे, असे सरकारने न बोलता ठरवून टाकले.

तरीही त्या काळात दर्जा टिकला, त्याला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे जुन्या घरांतून शिकून आलेल्या माणसांचा साठा अजून शिल्लक होता आणि खाते तो फुकट वापरत होते. दुसरे म्हणजे कामे लांब मुदतीची होती. 1879 साली पुरे झालेले खडकवासला, 1910 ते 1926 चाललेले भंडारदरा ही चुन्यातल्या दगडी बांधकामाची धरणे. सोळा वर्षे एकाच जागी चाललेल्या कामावर पोरवयात आलेला बिगारी उतरताना मिस्त्री होऊन उतरत असणार. तिथे शाळा नव्हती, पण शाळेला लागणारा वेळ होता आणि रोज तेच हात पाहणारा साहेब होता. या कामांना मी निर्दोष म्हणत नाही. भंडारदऱ्याच्या धरणाला 1969 साली गळती आणि तडे दिसले आणि नंतर ते आधार देऊन बळकट करावे लागले. खडकवासला 1961 साली फुटले ते वरच्या पानशेतचे पाणी अंगावर आल्यामुळे, त्यात गवंड्याचा दोष नव्हता. जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जुन्यातले वाईट काम केव्हाच पडून गेले आहे आणि आपल्यासमोर उभे आहे ते निवडून उरलेले.

खरा बदल सिमेंटने केला. 1914 साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले, 1927 साली काँक्रीटचा प्रसार करणारी काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईत स्थापन झाली, 1936 साली अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली आणि त्याच दशकात मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहू लागली. सिमेंटने बांधकाम झटपट आणि उंच केले, सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. हा फायदा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण गोणी फोडली, वाळू आणि पाणी घातले की माल तयार, असे झाल्यावर घाणी आणि तिच्याभोवतीची पारख ठेकेदाराला नकोशी झाली. सिमेंट दिसायला सोपे आणि वागायला कठीण आहे. ते थोड्याच वेळात धरू लागते. धरू लागलेला माल पुन्हा पाणी घालून कालवला तर तो कामावर नीट पसरतो, नवाच दिसतो, पण त्याचा जोर गेलेला असतो. सिमेंटमधली वीट सोडवायला गेले की तुटते, म्हणून नवशिक्याची चूक महाग पडते, आणि ती महाग पडते म्हणून त्याच्या हातात थापी देण्यापेक्षा घमेले देणे परवडते. भर म्हणजे सिमेंट आपले दोष वर्षानुवर्षे पोटात ठेवते. वाळूतली माती, जास्त ओतलेले पाणी, सळईवर अपुरे आवरण, यांपैकी काहीही इमारत ताब्यात देताना दिसत नाही.

पाणी मारण्याचेच उदाहरण घ्या, कारण त्यात सगळा मामला उघडा पडतो. काँक्रीट वाळते म्हणून घट्ट होत नाही, ओले राहिले तर घट्ट होते. भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओलावा हवा. उष्ण आणि कोरड्या हवेत किंवा मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, आणि त्याहून जास्त दिला तर चांगलेच. हे काम कोणालाही जमावे इतके साधे आहे. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी तुंबवायचे, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजते ठेवायचे. पण सरकारी दरसूचीत काँक्रीटच्या बाबीचे वर्णन पाहिले तर पाणी मारणे त्याच लांबलचक वाक्याच्या शेपटीला ‘यांसह पूर्ण’ म्हणून जोडलेले असते. त्याचे वेगळे माप नाही, म्हणून वेगळा पैसाही नाही. मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटचे घनमीटर भरले की बिल निघते, ते सात दिवस भिजलेले असो वा दोन दिवस. ज्याला मजुरी नाही ते काम ज्याला मजुरी सर्वांत कमी त्याच्याकडे जाते, बहुधा साइटवर राहणाऱ्या बिगारी बाईकडे. आणि ते का करायचे हे तिला कोणी सांगितलेले नसते.

इथे अभियंते म्हणतात की त्यासाठीच तर मानके आहेत आणि देखरेख आहे. मानके आहेत हे खरे, आणि ती चांगली आहेत. 1993 साली आलेल्या भारतीय मानक 13920ने भूकंपाच्या दृष्टीने सळयांची बांधणी कशी असावी ते बारकाईने सांगितले. कॉलममधल्या उभ्या सळयांना आडवी रिंग घालतात. तिचे टोक 135 अंशांत आत वळवायचे, म्हणजे वरचे काँक्रीट फुटले तरी रिंग उघडत नाही आणि आतला गाभा धरून ठेवते. साइटवर ती सर्रास 90 अंशांतच सोडली जाते, कारण तेवढे वळवायला सोपे आणि बसवायला पटकन होते. काँक्रीट ओतल्यावर दोन्ही रिंगा सारख्याच दिसेनाशा होतात. 26 जानेवारी 2001च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, तेव्हा ढिसाळ आराखड्यांबरोबर अशा सुट्या बांधणीचीही चर्चा झाली. किल्लारीचा दोष दगडमातीचा, अहमदाबादचा लोखंड-काँक्रीटचा, एक गरीब गाव आणि एक श्रीमंत शहर, आणि तरी दोन्हीकडे राहून गेली ती आत दडणारी, दोन भागांना एकत्र धरणारी वस्तू. देखरेख करणारा एक कनिष्ठ अभियंता दिवसाला शेकडो रिंगा वाकवून पाहू शकत नाही. त्या बांधणाऱ्या फिटरला टोक आत का वळवायचे हे ठाऊक असेल आणि तेवढा वेळ घेण्याची त्याला मुभा असेल, तरच मानक कागदावरून कॉलममध्ये उतरते.

यंत्राने हा प्रश्न सुटेल, असेही आता म्हटले जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकदम ओतण्याची मायवन पद्धत मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रकल्पांत रुळली आहे आणि तिच्यामुळे वीटकाम आणि गिलावा जवळजवळ संपला. भिंती सरळ येतात, यात वाद नाही. पण साच्यातून येते ती भिंत, घर नव्हे. मोरीच्या कोपऱ्यातले जलरोधक, नळाच्या सांध्याभोवतीची भर, खिडकीच्या चौकटीखालचा उतार ही कामे अजून हातांनीच होतात, आणि गळती सुरू होते ती नेमकी तिथून. शिवाय राज्यातली लाखो घरे अशा प्रकल्पांत बांधली जात नाहीत. गावात, तालुक्याला, शहराच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांवर ती एका मिस्त्रीच्या भरवशावर उभी राहतात. तिथे अभियंता असलाच तर नकाशावर सही करण्यापुरता.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतही हेच घडले. मुंबईत 1947च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्ती सोडली आणि 1969 साली उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. तोवर चुन्याचे काम जाणणारे हात पांगले होते. मग चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींवर सिमेंटचा कडक गिलावा चढला. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटचा थर ती आत कोंडतो, ओल लाकडी तुळयांच्या टोकांकडे सरकते आणि तुळई भिंतीत शिरते तिथेच कुजते. वरून इमारत दुरुस्त दिसत असते. 1995 साली मुंबईत वारसा इमारतींचे नियम आले आणि चुना येणाऱ्या गवंड्याला पुन्हा मागणी आली. 1884 सालच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगसारख्या वास्तू गेल्या काही वर्षांत जुन्या पद्धतीने जपल्या गेल्या. ज्या कामात वेळेचे पैसे मिळतात तिथे कारागीर पुन्हा शिकतात, याचा हा पुरावा आहे. म्हणून पोरांना शिकायचेच नसते ही तक्रार मला मान्य नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने काही केले नाही असेही नाही. 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आय.टी.आय. उभ्या राहिल्या. त्यांच्या यादीत गवंडीकाम आहे, एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण मुलांची झुंबड इलेक्ट्रिशियन आणि फिटर यांवर असते आणि ते त्यांच्या बाजूने शहाणपणाचे आहे, कारण त्या दाखल्याला कारखान्याच्या दारात किंमत आहे. गवंड्याचा दाखला मात्र मजूरनाक्यावर कोणी विचारत नाही. तिथे भाव ठरतो तो दिवसाला किती फूट काम उरकतो यावर. 1961चा शिकाऊ उमेदवार कायदा तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायला लावतो आणि त्या गणतीत कंत्राटी कामगारही धरतो. बांधकामावर मात्र विकासक, मुख्य ठेकेदार, उपठेकेदार, लेबर ठेकेदार आणि शेवटी दहा-पंधरा माणसांची टोळी अशी उतरंड असते आणि ज्या पातळीवर प्रत्यक्ष थापी चालते तिथे कायद्याला दिसणारी आस्थापनाच उरत नाही. मग 2015 नंतर आले ते दोन-तीनशे तासांचे कौशल्यवर्ग. आधीच काम करणाऱ्याला थोडी उजळणी देऊन प्रमाणपत्र देण्यात त्याच्या अनुभवाचा मान आहे, तेवढा चांगला. पण त्याला कोणी प्रशिक्षण म्हणू नये.

या सगळ्यात मला एकच प्रयोग मुळाशी जाणारा वाटतो. ग्रामीण घरकुल योजनेत गवंड्यांना 45 दिवसांचे प्रशिक्षण देताना त्यांच्याकडून लाभार्थ्याचे खरे घर बांधून घेतले जाते, पायापासून छतापर्यंत. नवशिका तिथे पायाची खोदाई, कोपऱ्याची सांधेमोड, सळईची बांधणी, पाणी मारणे हे त्या त्या क्रमाने आणि शिकवणाऱ्याच्या नजरेखाली करतो, आणि शेवटी कोणीतरी त्या घरात राहायला येते. पंचेचाळीस दिवस थोडे आहेत, फारच थोडे. पण शिकण्याचा खर्च घराच्या खर्चात धरला गेला, ही त्यातली मोलाची गोष्ट आहे. तेच सरकारच्या प्रत्येक निविदेत करता येईल. दरसूचीत पाणी मारण्याची बाब वेगळी काढून तिचे दिवस मोजता येतील. मोठ्या कामावर दर पाच मिस्त्रींमागे एक शिकाऊ आणि त्याला दोन वर्षे रोज, असे लिहून तो खर्च अंदाजपत्रकात उघडपणे दाखवता येईल. बांधकाम कामगारांसाठी 1996च्या कायद्याने आलेल्या एक टक्का उपकरातून आज संच आणि साहित्यही वाटले जाते. त्यातला ठरावीक वाटा या उमेदवारांच्या रोजासाठी राखता येईल. खर्च वाढेल, असे खाते म्हणेल, आणि ते खरे आहे. हा खर्च आज वाचत नाही. तो घर घेणाऱ्याच्या, भाडेकरूच्या आणि भूकंपाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या माथी, दहा-वीस वर्षांनी, कितीतरी पटींनी मारला जातो. तो आगाऊ कोणी भरायचा हे ठरवण्याची ताकद ज्यांच्या हातात दरसूची आहे त्यांच्याकडे आहे, नाक्यावर सकाळी थापी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे नाही.